एमिलीच्या दगडाची शेवटची ओळ

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नोकरी, व्हिसा, स्वयंपाकाला मसाले किती वापरतेस, यांतलं काहीच विचारलं नाही. दारात उभ्या राहून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझी माणसं कोण? आणि ती कुठे पुरलेली आहेत?"

मी तेव्हा 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दूध-पावडरीच्या कारखान्यात, लॅबमध्ये, नुकतीच लागले होते. न्यूझीलंडमध्ये येऊन महिनाही झाला नव्हता. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं की नदीच्या बाजूला, वीस मिनिटांवर, एका फार्मवर स्लीपआउट रिकामी आहे. स्लीपआउट म्हणजे मुख्य घरापासून सुटी असलेली अंगणातली खोली. मी एवढंच ऐकून आले होते. आमच्यात पुरत नाहीत, जाळतात, असं मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

"मग तुम्ही त्यांना शोधता कसं?"

तरी खोली मिळाली. तिथे मी अडीच वर्षं राहिले. नंतर नवरा पुण्याहून आला, आम्ही हॅमिल्टन शहरात घर घेतलं, पण रविवारी बाईंकडे जायचं काही सुटलं नाही.

सगळे त्यांना नावानं हाक मारत, दुधाचा टँकर घेऊन येणारा ड्रायव्हरसुद्धा. मला ते जमलं नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या मनात त्या कायम 'तुम्ही' होत्या आणि 'बाई' होत्या. तशा त्या बाईच होत्या. आयुष्यभर जवळच्या गावातल्या शाळेत शिकवलेलं. लग्न केलेलं नाही. मी गेले तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. उंच, पाठीत वाकलेल्या, पायात गमबूट, डोक्यावर कुणातरी पुरुषाची जुनी हॅट, आणि गळ्यात चारा बांधायच्या सुतळीला लटकवलेलं भिंग. ते भिंग जेवतानाही गळ्यातच असे, आणि दर दोन दिवसांनी सूपमध्ये बुडे.

सकाळी पेपर आला की त्या आधी मृत्यूची पानं काढत. लाल पेन्सिल घेऊन तपासत. 'पश्चात पत्नी, दोन मुली व नातवंडं' असं वाचलं की कपाळाला आठी पडे. मुलींना नावं नाहीत का? आणि पत्नी लग्नाआधी कोण होती? समासात प्रश्नचिन्ह काढून ते कात्रण त्या बाजूला ठेवत. काही लोकांना त्यांनी खरोखर फोन करून विचारलेलं मला माहीत आहे. गंमत म्हणजे लोक रागावत नसत. बहुतेकांना कुणीतरी विचारावं असंच वाटत असावं.

बाईंच्या घराण्याचा मूळ पुरुष थॉमस. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून सैनिक म्हणून इथे आला. लढाईनंतर सरकारनं इथल्या मूळच्या माओरींकडून हिसकावलेली जमीन सैनिकांना वाटली, त्यातला हा तुकडा त्याच्या वाट्याला आला. बाई हे लपवत नसत. त्यांच्या कार्डांच्या पहिल्या डब्यातलं पहिलं कार्ड थॉमसचं नव्हतंच. या टेकडीवर आधी ज्यांची घरं होती त्या माओरी कुळाचं नाव त्यावर होतं. ते त्यांनी त्या लोकांच्या मराईवर, म्हणजे सभास्थानी, जाऊन विचारून आणलं होतं. दोनदा जावं लागलं, असं म्हणत. पहिल्या वेळी त्यांनी फक्त चहा दिला.

डबे म्हणजे दोन लिटरचे आइस्क्रीमचे रिकामे डबे. घराण्यातल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि कार्डं डब्यांत. डबे कपाटात, खिडकीत, कपड्यांच्या खणात. एकदा मी फ्रीझरमधून आइस्क्रीम समजून डबा काढला, तर झाकणावर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाच वर्षांच्या आत गेलेले'. आत अकरा कार्डं होती. फ्रीझरमध्ये कशाला, विचारलं तर म्हणाल्या, उंदीर. मागच्या हिवाळ्यात उंदरांनी एक अख्खी शाखा खाल्ली होती.

कार्डावर लिहायचा त्यांचा नियम कडक होता. दोन पुरावे असले तर शाई. एकच असला तर पेन्सिल. काहीच नसलं तर जागा कोरी. घरातली आठवण हा अर्धा पुरावा, आणि घरातल्या माणसाचा मोठेपणा सांगणारी आठवण असेल तर तो पुरावाच नाही. त्यांच्या भावाचा मुलगा तो फार्म बघत असे. पन्नाशीचा, आडवा, बाराही महिने हाफ पँट आणि गमबुटांत, बोलायला अगदी बेताचा. थॉमसनं भर पुरात पोहत जाऊन तीन माणसं वाचवली, अशी त्याच्या वडलांनी सांगितलेली गोष्ट होती. बाईंनी ती चाळीस वर्षं पेन्सिलीतसुद्धा येऊ दिली नव्हती. थॉमसला पोहता येत होतं याचाच कागद नाही, म्हणत.

कब्रस्तान घरामागच्या टेकडीवर होतं. दोन तोताराची झाडं, सभोवती खांब-तारेचं कुंपण, आत अकरा दगड. खाली संथ, हिरवट नदी. गाई अंग घासून दगड पाडतात म्हणून त्यांना तिथे मज्जाव. गवत खायला बाईंनी खास तीन मेंढ्या पाळल्या होत्या. रविवारी दहा वाजता आम्ही वर जायचो. बरोबर पाण्याची पिचकारी, मऊ ब्रश, चीज-कांद्याची सँडविचं, थर्मास आणि आरसा.

आरशाची कथा अशी. जुन्या दगडावरची अक्षरं झिजली की समोरून काही दिसत नाही. पण आरशानं ऊन पकडून दगडावर अगदी आडवं टाकलं, की प्रत्येक खाचेत सावली उभी राहते आणि अक्षर वर येतं. त्याला आरसा मोठा लागतो. बाईंनी न्हाणीघरातला भिंतीवरचा आरसा काढून घेतला होता आणि परत कधी लावला नाही. मी अडीच वर्षं फोनच्या कॅमेऱ्यात बघून भांग पाडला.

मी आरसा धरायची आणि बाई वाचायच्या. दगडाला नख लावायचं नाही, शेवाळ खरवडायचं नाही, खडूनं अक्षरं गिरवायची नाहीत. असं करणाऱ्या एका हौशी पाहुण्याला त्यांनी टेकडीवरून खाली घालवून दिलं होतं. त्या माणसांबद्दल त्या वर्तमानकाळात बोलत. थॉमस तापट आहे. मार्गारेट, म्हणजे त्याची बायको, हिशेबी आहे, पत्रातसुद्धा शब्द वाया घालवत नाही. थोरला मुलगा नदीत बुडाला तेव्हा नऊ वर्षांचा, त्यामुळे तो कायम नऊ वर्षांचा. धाकटा ऑस्ट्रेलियाला गेला, त्याची शाखा मोठी झाली, पण तो स्वतः परत आला नाही. मधल्या दोन मुली लग्न होऊन लांब गेल्या. शेवटी शेत राखलं ते सगळ्यांत धाकट्या मुलीनं, एमिलीनं. ही बाईंची आजी. बाईंनी तिला पाहिलेलं होतं.

माझंही कार्ड करायचं त्यांनी ठरवलं. पहिल्याच पावसाळी रविवारी टेबलाशी बसवून विचारायला लागल्या. वडलांचं नाव सांगितलं, आजोबांचं, पणजोबांचं. आडनाव कुठून आलं, तर आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी गावाच्या नावावरून लावून दिलं. त्याआधी? त्याआधी आम्हाला आडनावानं हाक मारायची कुणाला गरज पडली नव्हती, मी म्हटलं. गावात वंशावळी लिहून ठेवलेली घरं होती, पण ती वेगळी. आमची वस्ती गावाबाहेर. पुढे आजोबांनी धम्म स्वीकारला आणि तिथून आमच्या घरात तारखा सुरू होतात. त्याआधीचं सगळं 'असं म्हणतात'.

"पुरत नाहीत म्हणालीस ना तू?"

"आता नाही. आधी पुरायचे. ओढ्याच्या काठी. दगड वगैरे काही नाही. आता तिथून रस्ता गेलाय."

बाईंनी ओढा कार्डावर पेन्सिलीनं लिहिला. मग पुढचा प्रश्न. पणजोबांच्या बायकोचं नाव? मला माहीत नव्हतं. मी पुण्याला फोन लावला. बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांना तिचं 'म्हातारी' एवढंच आठवत होतं. मी म्हटलं, लिहा 'माहीत नाही'. बाई म्हणाल्या, असं आपण लिहीत नाही. जागा कोरी ठेवायची. 'माहीत नाही' लिहिलं की पुढचा माणूस शोधायचं थांबवतो.

हॅनाबद्दल मला त्यांनी वर्षभरानं सांगितलं.

कुंपणाच्या बाहेर, तोताराच्या मुळांपाशी, नदीतल्या गोट्यांचा एक लांबट वेढा होता. मला तो जुन्या वाफ्यासारखा वाटला होता. तिथे हॅना पुरलेली आहे, बाई म्हणाल्या. घरात काम करणारी मुलगी. थॉमस-मार्गारेटच्या घरी सतराव्या वर्षी आली आणि म्हातारी होऊन इथेच मेली. तिच्या पुरण्याची नोंद चर्चच्या वहीत होती, जागेचं वर्णनही होतं. तेवढं शाईत. पण हॅनाच्या कार्डावर मागच्या बाजूला पेन्सिलीत आणखी एक ओळ होती, आणि ती बाईंनी मला भिंग देऊन वाचायला लावली. एमिलीची आई.

याचा पुरावा एकच. मार्गारेटनं कॉर्नवॉलला आपल्या बहिणीला लिहिलेलं पत्र, जे बहीण वारल्यामुळे न फोडताच परत आलं होतं. हॅनाला मूल झालं, ते मी माझ्या नावावर घेतलं, लोकांची तोंडं बंद झाली, असं त्यात होतं. मूल कुणाचं हे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. उलट सरकारी जन्मनोंदीत एमिलीची आई मार्गारेट. म्हणजे एक कागद असं सांगतो, एक तसं.

ते पत्र बाईंना सहा वर्षांपूर्वी सापडलं होतं. सहा वर्षं ती ओळ पेन्सिलीत होती. त्यांना ती खरी वाटते का, मी विचारलं. लहानपणी एमिली आजीचा हात धरून त्या टेकडीवर जायच्या, तेव्हा आजी दर वेळी आधी कुंपणाबाहेर जायची, म्हणाल्या. मग लगेच स्वतःच म्हणाल्या, पण ही घरातली आठवण. अर्धा पुरावा.

त्या वर्षी घराण्याचा मोठा मेळावा ठरला होता. भाच्यानं त्यासाठी पुस्तक करायला घेतलं होतं, बाईंच्याच कार्डांवरून. मुखपृष्ठावर मार्गारेटचं तैलचित्र. बाईंनी त्याला पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घालून परत दिलं. "आँटी, तुझाच नियम आहे," तो म्हणाला. "दोन पुरावे." बाईंनी पत्र पाकिटात ठेवलं.

मेळाव्याला तीन आठवडे होते. पुस्तकं छापून येऊन शेडमध्ये पडली होती. त्या रविवारी आम्ही एमिलीच्या दगडाचा फोटो काढायला वर गेलो. तो दगड चांगला शाबूत, अक्षरं स्वच्छ. नाव, तारखा, 'हिनं हे शेत राखलं' एवढा मजकूर. एमिलीनं मरायच्या आधी स्वतः पसंत करून घडवून घेतलेला दगड होता तो. त्याच्या पायाशी अगापँथसचं दाट बेट होतं, कमरेएवढं, निळ्या फुलांचं. इथे ते रानासारखं माजतं आणि बाई एरवी ते दिसेल तिथे उपटत, पण हे बेट त्यांच्या आईनं लावलेलं, म्हणून त्याला हात लावत नसत. उलट उन्हाळ्यात पाणी घालत.

ऊन चढलं तसं मी आरसा खाली ठेवायला गेले. आरसा तिरका झाला आणि उजेडाचा पट्टा पानांच्या बुडाशी गेला. तिथे दगडावर काहीतरी होतं. नक्षी असेल असं वाटलं. परत आरसा धरला. दोन पानांच्या मधून एका अक्षराची वरची कड दिसत होती.

मी बाईंना दाखवलं. त्या गुडघ्यावर बसल्या. त्यांना बसायला किती त्रास होतो ते मला माहीत होतं. त्यांनी पानं बाजूला केली, बराच वेळ बघितलं, मग सँडविच कापायची सुरी मागितली. मी म्हटलं, मी करते, फावडं आणते. नको, म्हणाल्या. दगडाला लागेल.

ते बेट काढायला आम्हाला दुपारचे तीन वाजले. अगापँथसची मुळं म्हणजे बोटांसारखे जाड गड्डे, एकमेकांत गुंतलेले. बाई सुरीनं एकेक कापत होत्या, मी ओढत होते. दगड मऊ मातीत वीतभर खचला होता. खालची माती ओली, चिकट होती. मी पिचकारीनं पाणी मारलं, बाईंनी ब्रश फिरवला, आणि ओळ पूर्ण दिसली.

'हॅनाची मुलगी.'

बस्स, तेवढंच. बापाचं नाव नाही. मला वाटलं, बाई आता काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "सँडविच दे." आम्ही तिथेच बसून खाल्लं. नंतर खिशातून हॅनाचं कार्ड काढलं. म्हणजे ते त्या खिशात घेऊन फिरत होत्या. गुडघ्यावर धरून पेन्सिलीची ओळ शाईनं गिरवली. मग त्या उपटलेल्या बेटाकडे बघत राहिल्या.

"आजीनं सांगून ठेवलं," त्या म्हणाल्या. "आणि आईनं त्यावर फुलं लावली. आणि मी त्यांना पाणी घातलं."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र उतरताना डोळे पुसावे लागले.

भाच्याला बोलावलं. तो वर जाऊन बघून आला, गमबूट काढून दारातच उभा राहिला. त्याला ते खोटं ठरवायचं नव्हतं, एवढं मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो म्हणाला, पुस्तकं छापून झाली आहेत. ऑस्ट्रेलियाहून म्हातारी माणसं येणार आहेत, त्यांना मार्गारेट म्हणजे देव आहे. आत्ता हे काढून कुणाचा फायदा?

"हॅनाचा," बाई म्हणाल्या.

गाईंचं दूध काढायची वेळ झाली म्हणत तो गेला.

मेळावा लोकर कातरायच्या जुन्या शेडमध्ये झाला. शंभरावर माणसं. प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी, आणि पट्टीला शाखेप्रमाणे रंग. एमिलीची शाखा निळी. बाईंनी चहाच्या बंबाशेजारचं टेबल अडवलं, सगळी पुस्तकं तिथे मांडायला लावली, शाईचं पेन काढलं. पुस्तक हवं असेल त्यानं त्यांच्या समोर यायचं. त्या पान उघडायच्या, छापलेल्या वंशवृक्षात एमिलीच्या वरची रेघ सरळ खोडायच्या, शेजारी नवी रेघ काढून हॅनाचं नाव लिहायच्या, आणि खाली 'पुरावे: पत्र, दगड'. मग माझ्याकडे सरकवायच्या. मी किचन टॉवेलनं शाई टिपायची. माझ्या छातीवर पट्टी नव्हती. सकाळी बाईंनी एक कोरी पट्टी घेऊन त्यावर माझं नाव लिहिलं आणि रंगाच्या जागी 'आरसा' असं लिहून ती मला लावली होती.

बहुतेकांनी मुकाट्यानं पुस्तक घेतलं. काहींनी विचारलं, बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. तरुण पोरांना मजा वाटली. मोत्यांची माळ घातलेली एक आजी, बाईंची लांबची चुलत बहीण, ओळीतून पुढे आली आणि म्हणाली की सगळ्यांच्या आनंदाच्या दिवशी हे उकरायची काय गरज होती. मार्गारेटनं त्या मुलीला आसरा दिला, मुलाला नाव दिलं, हे कमी आहे का?

"कमी नाही," बाई म्हणाल्या. "ते पण लिहिलंय. मागच्या पानावर बघ."

तिथे खरंच होतं. मार्गारेटच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'हिनं दुसरीचं मूल आपलं म्हणून वाढवलं.' त्या आजीनं चष्मा लावून वाचलं. पुस्तक घेतलं की नाही ते आठवत नाही. माझं लक्ष भाच्याकडे होतं. तो दुपारभर शेडच्या दाराशी सॉसेज भाजत होता आणि आमच्या टेबलाकडे एकदाही बघत नव्हता.

माणसं निघायला लागली तेव्हा तो आला. हाताला कांद्याचा वास. शर्टात पुसून त्यानं आपली स्वतःची प्रत पुढे ठेवली, पान उघडून. बाईंनी रेघ खोडली, नाव लिहिलं. तो वाकून बघत होता.

"तिच्या मृत्यूची तारीख राहिली," तो म्हणाला. "चर्चच्या वहीत आहे ना? ती पण घाल."

बाईंनी घातली.

महिन्याभरानं एका रविवारी मी गेले तर टेकडीवर कुंपण सरकलेलं होतं. त्यानं जुने खांब काढून नवे ठोकले होते, आणि गोट्यांचा वेढा आत आला होता. कुणाला काही सांगितलं नव्हतं. बाईंनी सगळं कुंपण फिरून बघितलं आणि तिसरा खांब ओळंब्यात नाही, अशी तक्रार केली. ती त्यांनी त्याला फोन करूनही सांगितली. पुढच्या रविवारी खांब सरळ होता.

मेळाव्यानंतर मला चैन पडेना. पणजीच्या नावासाठी बाबांच्या मागे लागले. त्यांनी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांच्या आत्याला फोन लावून दिला. नव्वदीच्या पुढची, ऐकू कमी. मोठ्यानं ओरडून विचारलं, तर म्हणाली, कोंडाबाई. जणू काही रोज कुणीतरी तिला हे विचारतं. आधीची तीन मुलं गेली, म्हणून हिला कोंडा म्हटलं, की ही टाकाऊ आहे असं समजून मृत्यूनं हात लावू नये. मी लगेच बाईंकडे गेले. त्यांनी माझं कार्ड काढलं. 'कोंडा' म्हणजे धान्याचा टाकाऊ भाग, हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पेनचं टोपण काढलं.

मी म्हटलं, पेन्सिल घ्या. पुरावा एकच आहे, तोही घरातल्या आठवणीचा. म्हणजे अर्धा.

"तो नियम मी कागद असलेल्या घराण्यांसाठी केला होता," बाई म्हणाल्या, आणि शाईनं लिहिलं. इंग्रजीत लिहिल्यावर पेन माझ्या हातात दिलं, की खाली तुझ्या अक्षरात लिही.

पुढे देशांच्या सीमा बंद झाल्या त्या काळात बाबा पुण्यात वारले. मी हॅमिल्टनच्या स्वयंपाकघरात उभी राहून सगळं फोनवर बघितलं. भाऊ फोन धरून होता, त्याचा हात हलत होता, मध्येच चित्र अडकत होतं. दुसऱ्या दिवशी दारात बाईंची जुनी गाडी. डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती. त्या आत आल्या, टेबलाशी बसल्या. मला वाटलं, आता विचारतील, नाव, तारीख, कुठे. त्यांनी काहीच विचारलं नाही. मी चहा केला. दोन तास बसल्या आणि गेल्या.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. सकाळी भाच्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, गुरुवारी अकरा वाजता, गमबूट घाल, वर चिखल आहे.

हॅनाच्या शेजारी जागा त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. धुकं होतं. पंधरा-वीस माणसं, घरची आणि शाळेतले काही जुने विद्यार्थी, तेही आता म्हातारे. भाच्यानं आणि त्याच्या मुलांनी पेटी खाली सोडली. तिथे माती भरायचं काम घरची माणसं स्वतः करतात, हे मला ठाऊक नव्हतं. एक फावडं हातोहात फिरत होतं. मी मागे, तोताराखाली उभी होते. आई गेली तेव्हा गावाकडच्या मोठ्या माणसांनी आम्हा बायकांना पुढे जाऊ दिलं नव्हतं, बाबांच्या वेळी मी बारा हजार किलोमीटरवर होते. कुणाला माती द्यायची तर कशी, किती, मला काही माहीत नव्हतं.

भाचा माझ्यासमोर आला आणि फावडं माझ्या हातात दिलं.

मी पुढे झाले. माती ओली, जड. एक फावडं उचललं आणि टाकलं, तर अर्धी फावड्यालाच चिकटून राहिली. ती हातानं सोडवून खाली टाकली. हात कोपरापर्यंत माखला. पेटीवर पडताना तिचा आवाज झाला. झालं असं समजून मी फावडं त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं नाही. हाफ पँटच्या खिशात हात घालून शेजारी उभा राहिला.

"चालू ठेव," तो म्हणाला. "अजून खूप भरायचंय."